प्रकल्पाचं नाव, लोकांचं मत: शहरातले पर्यावरणपूरक प्रकल्प आणि पटवून देणारी भाषा

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. पण त्यातला प्रश्न साधा आहे. महापालिका किंवा सरकार 'शहराच्या भल्यासाठी' म्हणून एखादं काम काढतं, तेव्हा आपण 'हो' किंवा 'नको' कशावरून म्हणतो? प्रकल्प अहवाल वाचून? आकडे तपासून? शंभरातले किती जण ते करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. बहुतेकदा आपलं मत ठरतं ते कानावर पडलेल्या शब्दांवरून. बातमीचा मथळा, चौकातला फलक, सोसायटीच्या ग्रुपवरचा निरोप आणि त्या प्रकल्पाचं नाव, एवढ्यावरून.

यात लोकांना हसण्यासारखं काही नाही. प्रत्येकाला प्रत्येक अहवाल वाचायला वेळ नसतो. म्हणून तर शब्दांवर जबाबदारी येते. त्यातही पर्यावरणपूरक कामांच्या बाबतीत ही जबाबदारी जास्त असते, कारण या कामांचा त्रास आज होतो आणि डोळ्यांना दिसतो. फायदा मात्र उशिरा येतो आणि सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो. बससाठी रस्त्याची एक मार्गिका राखून ठेवली, की मोटारवाल्याला पहिल्याच दिवशी कळतं. स्वच्छ झालेली हवा कुणी मोजून घरी नेत नाही. आजचा त्रास आणि उद्याचा फायदा यांच्यामध्ये जो पूल लागतो, तो भाषेचा असतो. तो पूल प्रामाणिकपणे बांधता येतो आणि फसवूनही बांधता येतो. आज आपण दोन्ही पाहणार आहोत.

'शाश्वत' म्हणजे नेमकं काय?

सुरुवात या शब्दापासूनच करू. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला. पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता याव्यात, त्यांच्या वाटचं आपण खाऊन टाकू नये, अशा बेताने केलेला विकास, ही कल्पना त्यानंतर जगभर गेली. मराठीत तिला आपण 'शाश्वत विकास' म्हणू लागलो.

आता 'शाश्वत' हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता. तो कीर्तनातून आला, प्रवचनातून आला. शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं. रोजच्या बोलण्यात आपण 'शाश्वती' म्हणतो, तेव्हा अर्थ असतो खात्री. 'पावसाची काही शाश्वती नाही.' त्यामुळे 'शाश्वत प्रकल्प' असं ऐकलं की सामान्य माणसाला काय ऐकू येतं? कायम टिकणारा, खात्रीचा प्रकल्प. मूळ कल्पना मात्र जवळजवळ उलट आहे. ती खात्री देत नाही, ती मर्यादा सांगते: एवढंच वापरा, बाकीचं ठेवा. म्हणजे मर्यादेचा विचार आपल्याकडे हमीचा शब्द घालून आला. त्यामुळे भुयारी मार्गापासून वाहनतळापर्यंत कशालाही 'शाश्वत' म्हणता येतं आणि ऐकणाऱ्याला त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाही.

एक योजना, तीन शहरं

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. जलद बससेवेचं, ज्याला आपण बीआरटी म्हणतो. रस्त्यात बससाठी स्वतंत्र मार्गिका, मधोमध थांबे, बस वेळेवर. कल्पना तीच, दिल्ली, अहमदाबाद आणि पुणे या तीन शहरांत मात्र तिची तीन वेगळी आयुष्यं झाली.

दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद हा साधारण पावणेसहा किलोमीटरचा पट्टा सुरू झाला. लोकांसमोर तो आला तो 'बीआरटी कॉरिडॉर' म्हणून, म्हणजे एक तांत्रिक, परका शब्द. परक्या शब्दाचं एक असतं, तो रिकामा असतो. त्यात जो आधी अर्थ भरेल, तो त्याचा मालक. दिल्लीत तो अर्थ भरला सिग्नलला अडकलेल्या मोटारींनी. बीआरटी म्हणजे कोंडी, एवढंच समीकरण बातम्यांत रुजलं. त्या रस्त्यावरून बसने जाणाऱ्या माणसांची संख्या मोठी होती. पण त्यांच्या वाचलेल्या मिनिटांची बातमी कोण करणार? प्रकरण न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बीआरटीविरुद्धची याचिका फेटाळली. म्हणजे योजना न्यायालयात जिंकली. तरीही २०१६ मध्ये तो पट्टा उखडायला सुरुवात झाली. चौकाचौकात जे मत तयार झालं होतं, ते निकालाने बदललं नाही.

अहमदाबादने दुसरा रस्ता धरला. तिथे सेवेचं नाव ठेवलं 'जनमार्ग'. हा शब्द गुजराती माणसाला समजावून सांगावा लागत नाही. लोकांचा रस्ता. नावातच दावा आहे, की हा रस्ता मोटारींचा असण्याआधी माणसांचा आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये सेवा रीतसर सुरू झाली, पण त्याआधी काही महिने लोकांना बसमध्ये फुकट बसू दिलं. बसा, बघा, सांगा. म्हणजे सांगण्याच्या आधी दाखवलं. आता जनमार्गात सगळंच आलबेल होतं असं नव्हे. तिकीट गरिबांना परवडतं का, सायकलवाल्यांच्या वाट्याला काय आलं, असे प्रश्न तिथेही विचारले गेले आणि ते रास्त होते. पण सुरुवातीच्या वर्षांत त्या सेवेला शहराने आपलं म्हटलं, हे खरं.

आणि पुणं? कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये बीआरटी आली, देशात सगळ्यात आधी आलेल्यांपैकी. घाई झाली, रस्त्याचं काम अर्धवट, पादचाऱ्यांना ओलांडायची नीट सोय नाही. अपघातांच्या बातम्या आल्या आणि त्यात 'बीआरटी' हे अक्षरत्रय चिकटलं ते चिकटलंच. २०१५ मध्ये 'रेनबो बीआरटी' असं नवं नाव देऊन संगमवाडी-विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडच्या मार्गांवर सेवा सुरू झाली. थांबे बरे होते, बस बऱ्या होत्या. पण इंद्रधनुष्य या शब्दाचा बसशी संबंध काय, हे कुणाला सांगता येईल? आणि मागचं 'बीआरटी' तर तसंच राहिलं होतं. गेल्या काही वर्षांत नगर रस्त्यावरची मार्गिका काढली गेली, तेव्हा कारण तेच सांगितलं गेलं: कोंडी.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. दिल्ली आणि पुण्यात फक्त नाव चुकलं म्हणून बीआरटी बारगळली, असं आम्ही म्हणत नाही. आखणीत दोष होते, अंमलबजावणीत ढिलाई होती. चांगल्या नावाने वाईट थांबा चांगला होत नाही. पण दोष दुरुस्त करायलाही लोकांनी वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ मिळणार की नाही, हे भाषेवर ठरतं. 'कोंडी' हा शब्दच बघा. कोंडी कुणाची मोजतो आपण? वाहनांची. समजा एका बसमध्ये पन्नास माणसं आहेत. तेवढीच माणसं मोटारीत दोन-दोन बसली तर पंचवीस मोटारी लागतील. सिग्नलला पंचवीस मोटारी थांबल्या तर फोटो येतो. ती बस थांबली तर 'एक वाहन थांबलं'. 'रस्त्यावरून तासाला किती वाहनं गेली' असं विचारलं की बस हरते. 'किती माणसं गेली' असं विचारलं की बस जिंकते. रस्ता तोच, दिवस तोच. बदलला तो प्रश्नातला एक शब्द.

'कर' म्हटलं की

हे नुसतं आपलं निरीक्षण नाही, यावर प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेत डेव्हिड हार्डिस्टी, एरिक जॉन्सन आणि एल्के वेबर या तिघांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विमानाच्या तिकिटावर प्रदूषणापोटी थोडी जादा रक्कम, अशी निवड लोकांपुढे ठेवली. काहींना ती 'कार्बन कर' म्हणून सांगितली, काहींना 'कार्बनची भरपाई' म्हणून. पैसे तेवढेच, काम तेच. 'भरपाई' म्हटल्यावर वेगवेगळ्या राजकीय मतांचे लोक ती रक्कम द्यायला तयार होते. 'कर' म्हटल्याबरोबर रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्यांचा पाठिंबा बराच उतरला. आणखी गंमत म्हणजे, 'कर' हा शब्द ऐकल्यावर त्यांच्या मनात पहिले विचारच विरोधाचे आले. म्हणजे शब्द निर्णयाच्या शेवटी येत नाही, विचाराच्या आरंभीच दारात उभा राहतो.

याच्या मुळाशी आणखी एक जुनी गोष्ट आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, की शंभर रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याहून शंभर रुपये गेल्याचं दुःख जास्त असतं. हे आपल्या आज्यांना माहीत होतंच, पण त्यांनी ते प्रयोगाने दाखवलं. शहरात याचा अर्थ असा: 'पार्किंग काढणार' हे वाक्य 'पदपथ मिळणार' या वाक्याला नेहमी मागे टाकतं. काम एकच असलं तरी.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमने हे ओळखून काय केलं ते पाहण्यासारखं आहे. शहराच्या मध्यभागी मोटार आणायची तर शुल्क, अशी योजना होती. जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने ती फक्त 'प्रयोग' म्हणून राबवली. तिला नावच होतं स्टॉकहोमचा प्रयोग. शुल्कालाही लोकांपुढे 'पर्यावरण शुल्क' म्हटलं गेलं. कायद्याच्या भाषेत तो करच होता. सुरुवातीला लोकांचा विरोध स्पष्ट होता. प्रयोग सुरू झाला आणि शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाली. रस्ते मोकळे झालेले लोकांनी स्वतः पाहिले. मग सप्टेंबर २००६ मध्ये शहरात मतदान घेतलं, निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी 'हो' म्हटलं आणि ऑगस्ट २००७ पासून योजना कायमची झाली. याउलट स्कॉटलंडमधल्या एडिनबरात फेब्रुवारी २००५ मध्ये, काहीही अनुभवायला मिळण्याआधीच अशा शुल्कावर मत विचारलं. जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी 'नको' म्हटलं. योजना तिथेच संपली.

यातून काय घ्यायचं? गोड नाव दिलं की झालं, हे नव्हे. स्टॉकहोममध्ये जास्त काम 'प्रयोग' या शब्दाने केलं असं आम्हाला वाटतं. प्रयोग म्हटलं की तो फसू शकतो हे कबूल केलेलं असतं. नंतर तुम्हाला विचारू, हे वचन त्यात असतं. आणि ते वचन त्यांनी पाळलं. आपल्याकडेही 'प्रायोगिक तत्त्वावर' हे शब्द फलकावर असतात. पण प्रयोगाचा निकाल कधी, कुणाला, कशावरून सांगणार, हे त्या फलकावर नसतं. मग तो शब्द झिजतो आणि पुढच्या खऱ्या प्रयोगालाही लोक 'हे नेहमीचंच' म्हणतात.

ओला, सुका आणि दारातली ताई

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. कचऱ्याचे नियम देशात २००० मध्ये आले, २०१६ मध्ये नवे आले. त्यांची भाषा जैवविघटनशील आणि अजैवविघटनशील अशी. कुठल्या घरात कुणी म्हणालं असेल का, 'अगं, ती जैवविघटनशील सालं त्या डब्यात टाक'? पण 'ओला कचरा, सुका कचरा' हे दोन शब्द आले आणि लहान मुलंसुद्धा बोलू लागली. शब्द हाताला धरून शिकवणारा हवा. ओला-सुका हे हाताला कळतं.

अर्थात सोप्या शब्दालाही खड्डे असतात. वाळलेली पोळी ओल्यात की सुक्यात? ती सुकी आहे, पण जायला हवी ओल्यात. धुतलेली दुधाची पिशवी ओली असते, पण ती सुक्यात. आणि सॅनिटरी पॅड? ते दोन्हीकडे नको. हे खड्डे कुणी भरले? फलकांनी नाही. रोज दारात येणाऱ्या बायकांनी भरले. 'ताई, हे वेगळं द्या, माझा हात चिरतो.' हे वाक्य कुठल्याही जाहिरात कंपनीला सुचणार नाही. त्यात पर्यावरण नाही, पृथ्वी नाही, भावी पिढी नाही. समोर उभ्या माणसाचा हात आहे.

पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. नावातले शब्द बघा: कागद, काच, पत्रा. जे वेचतो तेच नावात, आणि शेवटी 'कष्टकरी'. भीक मागणारे नव्हे, चिंध्या गोळा करणारे नव्हे, कष्ट करणारे. त्याच संघटनेतून २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. घरटी थोडं शुल्क, ते थेट काम करणारीच्या हातात. 'कचरेवाली आली' आणि 'कचरा घ्यायला ताई आल्या' या दोन वाक्यांत शहराचं धोरण बदललेलं दिसतं. पुढे या मंडळींनी 'रेड डॉट' मोहीम चालवली: वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा. जे तोंडाने बोलायला लोक लाजत होते, त्याला त्यांनी ठिपका दिला. न बोलता सांगण्याची ती भाषाच होती.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने पटवून देण्याची तीन साधनं सांगितली आहेत: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क. सरकारी प्रचार बहुधा तिसऱ्यापासून सुरू होतो, फार तर दुसऱ्यावर येतो. कचरावेचक बाईपाशी पहिलं साधन होतं. ती जे मागत होती, त्याचा भार ती स्वतः वाहत होती. म्हणून तिचं पटलं.

झाकणारे शब्द

आता नाण्याची दुसरी बाजू. काही शब्द समजावत नाहीत, झाकतात.

'मिसिंग लिंक' घ्या. पुण्यात बालभारती ते पौड फाटा हा रस्ता कित्येक वर्षं चर्चेत आहे. वेताळ टेकडीच्या अंगावरून तो जातो. त्याच्या बाजूने बोलताना 'मिसिंग लिंक' हे शब्द सर्रास वापरले जातात. त्यांची करामत पाहा. 'नवा रस्ता' म्हटलं तर प्रश्न येतो: का हवा? 'मिसिंग' म्हटलं की प्रश्नच संपतो. काहीतरी हरवलंय, ते जागेवर ठेवायचंय, एवढंच. नकाशावरच्या दोन टोकांमध्ये पोकळी दिसते. त्या पोकळीत टेकडी आहे, हे त्या शब्दांना दिसत नाही. विरोध करणाऱ्यांचा शब्दही तितकाच ताकदीचा: 'टेकडी'. पुणेकर 'मी डोंगरावर जातो' म्हणत नाही, 'टेकडीवर जातो' म्हणतो, जसं कुणी देवळात जातो म्हणावं. तिथे सकाळी चालणं आहे, वडिलांचं बोट धरून गेलेलं बालपण आहे. एका बाजूला नकाशाचा शब्द, दुसऱ्या बाजूला पायांचा. यात कोण बरोबर, हे शब्दांवरून ठरू नये. त्या रस्त्याने कोंडी खरोखर किती कमी होईल आणि किती वर्षं, पाणी कुठे मुरतं, झाडं किती जातील, यावरून ठरावं. पण शब्दच इतके ओढतात, की तिथवर बोलणं पोचतच नाही.

नदीचं तर याहून नाजूक आहे. मुळा-मुठेच्या बाबतीत पुण्यात दोन वेगळी कामं चालली आहेत. एक, मैलापाणी शुद्ध करण्याचं, जपानच्या कर्जातून. ते 'नदी सुधार'. दुसरं, ४४ किलोमीटर काठांच्या बांधणीचं. ते 'नदीकाठ सुधार'. मधे फक्त 'काठ' हे दोन अक्षरांचं अंतर. कितीतरी नागरिकांना ही एकच योजना वाटते. काठाचं चित्र पाहून नदी स्वच्छ होणार असं वाटतं. काठाच्या योजनेची बाजू घेणारे म्हणतात, काठ नीट झाला की लोक नदीकडे येतील, मग तिची काळजी घेतील. विरोधक म्हणतात, आधी पाणी स्वच्छ करा, काठ अरुंद केलात तर पुराचं काय? दोन्ही मुद्दे ऐकण्यासारखे आहेत. पण ते ऐकायचे तर आधी दोन कामं दोन नावांनी ओळखता यायला हवीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये काठावरची झाडं तोडण्याविरुद्ध पुणेकर एकत्र आले, तेव्हा त्यांनी शब्द उचलला 'चिपको'. उत्तराखंडच्या डोंगरातला १९७० च्या दशकातला शब्द. एका शब्दाने पन्नास वर्षांचा इतिहास पाठीशी उभा केला.

मुंबईत आरेचं उदाहरण आणखी अवघड, कारण तिथे दोन्ही बाजू हिरव्या होत्या. मेट्रोमुळे मोटारी कमी होतील, धूर कमी होईल, हे खरं. कारशेडसाठी झाडं जाणार, हेही खरं. एका बाजूने आरेला 'जंगल' म्हटलं, दुसऱ्या बाजूने 'शासकीय जमीन', 'दूध वसाहत'. मेट्रोच्या बाजूने हिशोब मांडला गेला, की ही झाडं जेवढा कार्बन शोषतात त्याची भरपाई मेट्रो काही दिवसांच्या फेऱ्यांत करेल. आकडा म्हणून तो तपासता येईल. पण त्याने झाडाचं रूपांतर फक्त कार्बन शोषणाऱ्या यंत्रात केलं. पक्षी, पाणी, तिथल्या आदिवासी पाड्यांचं जगणं या हिशोबाच्या रकान्यात बसत नव्हतं, म्हणून ते गळालं. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने आरेविषयीच्या याचिका फेटाळल्या, त्यात तिला वन ठरवा अशी मागणी करणारीही याचिका होती. त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला ती थांबवायला सांगितलं, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. 'जंगल' की 'जमीन', हा वाद कुणाला शाब्दिक वाटला असेल, तर त्याने तो आकडा आठवावा.

आणि एक कानपिचकी आपल्या चळवळींनाही द्यायला हवी. आपले फलक बहुधा एकाच क्रियापदावर उभे असतात: 'वाचवा'. टेकडी वाचवा, नदी वाचवा, झाडं वाचवा. वाचवणं गरजेचंच आहे. पण लॉ कॉलेज रस्त्यावर रोज अर्धा तास अडकणाऱ्या माणसाला 'वाचवा' या शब्दात स्वतःसाठी काही सापडत नाही. त्याला सांगायला हवं, की टेकडी राहून तुझा अर्धा तास कसा वाचेल.

पटवणं आणि गुंडाळणं

मग रेघ कुठे ओढायची? पटवून देणं वाईट नाही, लोकशाही त्यावरच चालते. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं वळवून घेणं, मग माहिती देणं, मत विचारणं, आणि वर खरा अधिकार लोकांच्या हाती देणं. वरच्या पायरीचे शब्द वापरून खालच्या पायरीवरचं काम उरकलं, की ते गुंडाळणं.

आपल्या कायद्यातला एक शब्दप्रयोग या दृष्टीने पाहा: 'हरकती व सूचना'. विकास आराखड्यावर नागरिकांकडून याच मागवतात. म्हणजे नागरिक येणार तो अडवायला किंवा दुरुस्ती सांगायला. 'आम्हाला हे हवं आहे' असं म्हणायला त्यात घरच नाही. म्हणून बसमध्ये बसणारी, पदपथावरून चालणारी माणसं सुनावणीला येत नाहीत. ज्यांचं काही जाणार आहे ते येतात. मग नोंद होते: 'नागरिकांचा विरोध'. पाठिंबा शहरात असतो, कागदावर नसतो.

तेव्हा कुठल्याही प्रकल्पाचं पत्रक हातात आलं, की आपण चार गोष्टी तपासाव्यात असं आम्ही सुचवतो. पहिली, नाव बाजूला ठेवून काम एका वाक्यात सांगता येतं का? 'पुनरुज्जीवन' नको; काय खोदणार, काय बांधणार? दुसरी, पत्रकातल्या वाक्यांना कर्ता आहे का? 'झाडांचे पुनर्रोपण करण्यात येईल' यात करणारा कोण, आणि झाड जगलं नाही तर उत्तर कोण देणार? तिसरी, तोटा कुणाचा, हे कुठे तरी लिहिलं आहे का? सगळ्यांचा फक्त फायदाच, असं काम शहरात नसतं. चौथी, 'नको' म्हटलं तर काही बदलणार आहे का? नसेल, तर ते विचारणं नव्हे, कळवणं आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: निर्णय इंग्रजी अहवालांवर होतात. मग मराठीतल्या शब्दांचा एवढा विचार करून उपयोग काय?*

हा प्रश्न मुळावरच बोट ठेवतो. पर्यावरण परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेत अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा, असं आहे. म्हणजे मूळ अहवाल इंग्रजीत, आपल्याला सारांश. आणि सारांशात काय गाळायचं, हे सारांश करणारा ठरवतो. २०२० मध्ये त्या अधिसूचनेचा नवा मसुदा आला, तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला सांगितलं. महाराष्ट्रात २०२२ च्या कायद्याने महापालिकांसह स्थानिक प्राधिकरणांचं कामकाज मराठीतून करणं बंधनकारक झालं आहे. तेव्हा पूर्ण अहवाल मराठीत मागण्याला आता बळ आहे. पण 'मराठीत' म्हणजे 'कळेल अशा मराठीत', हे कायदा लिहून देऊ शकत नाही. ते आपणच मागायचं.

*प्रश्न: काम खरोखर चांगलं असेल आणि लोक ऐकत नसतील, तर थोडं रंगवून सांगितलं तर काय बिघडलं?*

पहिल्या वेळी कदाचित काही बिघडणार नाही. काम होईलही. पण रंगवून सांगितलेलं कधी ना कधी उघडं पडतं, आणि मग त्याची किंमत पुढचा प्रकल्प मोजतो. पुण्यात बससाठी एखादी चांगली योजना उद्या आली, तर तिला आधी २००६ च्या बीआरटीचा हिशोब द्यावा लागेल. आकडा कमी सांगा, पण खरा सांगा. 'पहिले सहा महिने त्रास होईल, तो असा असा होईल' हे आधी सांगितलेलं माणूस सोसतो. न सांगता आलेला तेवढाच त्रास त्याला फसवणूक वाटतो, आणि त्याचं ते वाटणं चूक नसतं.